वाऱ्याच्या तोंडाकडे

फोन वाजला तेव्हा ठकी नुकतीच झोपायला राजी झाली होती. म्हणजे राजी झाली होती असं मला वाटत होतं. आठ महिन्यांच्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कुणी सांगावं. एका हातानं तिला थोपटत, दुसऱ्या हातानं उशीखालचा फोन चाचपत मी नुसत्या श्वासानं "हॅलो" म्हटलं. पलीकडून खरखरीत, अजिबात घाई नसलेला आवाज आला, "ओळख पटवायला यावं लागेल, ताई." बाबा जाऊन तीन महिने झाले होते. त्यांचं जे काही करायचं ते दुसऱ्या शहरातल्या, मला अनोळखी चार माणसांनी उरकलंसुद्धा होतं. पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन मी तिथं पोचू शकले नव्हते. तरी क्षणभर वाटलं, नाही, अजून कुठल्यातरी लांबट थंड खोलीत ते पडून आहेत, आणि कुणीतरी चादर वर करून मला विचारणार आहे, हेच का? "कुणाची ओळख?" मी विचारलं. "होडीची," तो म्हणाला. "निळी. तुमच्या नावावर झालीय ना ती?" ठकीनं डोळे टक्क उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी लपवून ठेवलं होतं.

लपवलं नव्हतं, विसरले होते. वकिलाचं पत्र आलं तेव्हा मी ते लाळेऱ्यांच्या खणात टाकलं होतं, कारण तेवढाच खण एका हातानं उघडतो. त्यात एकच ओळ माझ्यासाठी होती : दोन होडक्यांची शिडाची होडी, वापरलेली, माझ्या मुलीस. बाबा घर सोडून गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यानंतर त्यांनी मला काय काय द्यायला हवं होतं याची माझ्याकडे मनातल्या मनात मोठी यादी होती, त्यात होडी नव्हती. आणि आता हा माणूस सांगत होता की बोटींचं आवार रिकामं करतायत, किनाऱ्यावर नवी भिंत बांधतायत आणि तो तुकडा तिच्यापलीकडे जाणार आहे; ज्या होडीची बनावट आणि क्रमांक शुक्रवारी चारच्या आत नोंदला जाईल ती नव्या शेडमध्ये जाईल, बाकीच्या मोडीत. "करवत लावणार," तो म्हणाला. "फायबरला दुसरं काय करणार?"

त्या दिवसांत माझा दिवस चाळीस-चाळीस मिनिटांच्या तुकड्यांनी बनलेला होता. झोप, दूध, ढेकर, लंगोट, रडणं, खिडकी, पुन्हा झोप. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसायची, तिच्यावरचे नळ दिसायचे. कुठला नळ कुठल्या मजल्यावर वळतो ते मला पाठ झालं होतं. सोफ्यावर मी जिथं बसून पाजते तिथं एक खळगा पडला होता, आणि मी उठले तरी तो माझ्याच आकाराचा राहायचा, जणू मी अजून तिथं आहेच. यापूर्वी मी लिफ्टच्या कंपनीत नकाशे काढत असे. माणसांना वर-खाली नेणारी एक उभी पोकळी, तिचे छेद, तिची मापं. कागदावर ती पोकळी काढताना मला कधी गुदमरलं नाही. आता आमच्या तीन खोल्यांत चालताना वाटायचं, कुणीतरी माझाही छेद काढलाय आणि दार दाखवायचं विसरलाय. ठकीवर माझं प्रेम नव्हतं असं नाही. तिच्या मानेच्या वळीतला दुधाचा आंबूस वास घेतला की तिला खाली ठेवावंसं वाटायचं नाही. पण प्रेम असलं म्हणून दार असतं असं थोडंच आहे? आणि गेल्या वर्षभरात माझ्या वाट्याला जे जे आलं होतं, कपडे, सल्ले, खुळखुळे, ते कुणाची तरी आई म्हणून आलं होतं. ही होडी तेवढी माझी होती. ती मोडू द्यायची नाही, हे मी फोन ठेवायच्या आधीच ठरवून टाकलं होतं, आणि का, ते मला कुणालाच सांगता आलं नसतं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो आधी पोट धरधरून हसला. "प्रॅम ठेवायला जागा नाही आपल्याकडे. होडी काय बाल्कनीत ठेवायची? आणि कपडे वाळत घालायला समुद्रात जायचं?" मग माझा चेहरा बघून म्हणाला, "अगं, बघून ये की. तेवढाच तुला बदल." तो चांगला आहे. चांगल्या माणसाबरोबर अडकल्यावर तक्रार कुणाकडे करायची हा एक वेगळाच प्रश्न असतो. आई ओट्याशी उभी होती, आमच्याकडे पाठ करून. ठकीच्या जन्मापासून ती आमच्याकडेच राहायला आली होती. बाबा गेल्याचं कळलं तेव्हा ती "बरं" एवढंच म्हणाली होती आणि बाटल्या उकळायला ठेवल्या होत्या. आताही तिनं मागं न बघता म्हटलं, "सही करून टाक. मोडू दे."

मंगळवारी ठकीला झोळीत छातीशी बांधून मी आवारात गेले. पत्र्याचं कुंपण, डिझेलचा आणि कुजक्या दोरांचा वास, ओंडक्यांवर चढवून ठेवलेल्या मोटरबोटी. फोनवरचा माणूस म्हणजे तिथला आवारवाला. साठीचा, बोटांच्या पेरांत कायमचं काळं तेल. त्यानं शेवटच्या कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. मला वाटलं होतं होडी म्हणजे होडीसारखी असेल. ही म्हणजे दोन लांब निमुळती होडकी, माणूस कसाबसा आडवा मावेल एवढ्या रुंदीची, शेजारी शेजारी पण हातभर अंतर राखून. त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या दांड्या, आणि दांड्यांमध्ये ताणलेली जाळी, मधोमध उसवलेली. डोलकाठी बाजूला जमिनीवर. एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं एकाच खाटेवर झोपावीत तशी ती दिसत होती. "दर वर्षी एकदा यायचे हो तुमचे वडील," आवारवाला म्हणाला. "ताडपत्री बदलायचे, तासभर बसायचे आणि जायचे." म्हणजे दर वर्षी एकदा ते माझ्या शहरात येत होते. मी ठकीच्या टाळूवर ओठ टेकवले.

क्रमांक उजव्या होडक्याच्या मागच्या कडेला कोरलेला असतो, तसा नियमच आहे म्हणे. आवारवाल्यानं पत्र्याच्या तुकड्यानं निळा रंग खरवडला, खालचा पांढरा खरवडला, खालचं फायबर दिसू लागलं, आकडा नाही. बनावटीची खूण नाही, पट्टी नाही. "मी इंजिनवाला माणूस, ताई. शिडाचं मला काही विचारू नका, इथं शिडाची ही एकटीच. पण मी शिडाच्या होड्यांचं जाडजूड पुस्तक मागवून पानन् पान चाळलं. अशी होडी कुणी बनवतच नाही." मी विचारलं, अशी म्हणजे कशी? त्यानं दोन्ही तळवे होडक्यांच्या बाहेरून फिरवले. "ही पोटं बघा. बाहेर आलीत. पुस्तकात एकाचंही पोट बाहेर नाही. घरी बनवलेली असणार कुणीतरी. आणि घरी बनवलेलीला कागद नसतो. कागद नाही, तर…" त्यानं हातानं करवत चालवून दाखवली. ठकीला ते फार आवडलं. ती खिदळली, आणि त्यानं बिचाऱ्यानं तिच्यासाठी पुन्हा दोनदा करवत चालवली.

बुधवारी दुपारी, ठकी आईच्या खांद्यावर ढेकर काढत असताना, मी तिच्या लसींच्या कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर होडीचा आडवा छेद काढत बसले. हाताला जुनी सवय. जे सुटत नाही ते कापून बघायचं. दोन आकार, प्रत्येकाची एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. सपाट बाजू एकमेकींकडे, फुगीर बाहेर. आई मागून येरझाऱ्या घालत होती, ठकीच्या पाठीवर थापट्या मारत. थापट्या थांबल्या. "पोटं आत हवीत," आई म्हणाली. मी मान वळवली. आई कार्डाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. "काय?" "पोटं आत, सपाट बाजू बाहेर. त्यानं डावं उजवीकडे लावलंय आणि उजवं डावीकडे. भोकं दोन्हीकडे सारखीच असतात, बसतं ते. चालत नाही." ठकीनं ढेकर दिला. आईनं शांतपणे तिचं तोंड पुसलं.

मग ती बोलली ते सगळं उभ्यानं, ठकीला हलवत, जणू ते तिलाच सांगत होती. होडी दोघांनी मिळून घेतली होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, आधीच्या मालकानं वापरून कंटाळून विकलेली. आईला शीड सांभाळता येत होतं, लहानपणापासून, तिच्या मामाकडे अशी होडी होती. बाबांना काहीच येत नव्हतं. "मी सुकाणू, तो वजन," आई म्हणाली. "होडी कलंडू नये म्हणून बाहेर पोत्यासारखा लटकायचा आणि भसाड्या आवाजात गाणी म्हणायचा. वजन म्हणून चांगला होता." माझ्या आईला, जिला मी पुलावरून चालतानासुद्धा कठडा धरताना पाहिलंय, मी डोळ्यांसमोर त्या जाळीवर बसवून बघत होते. ती बसत नव्हती. दर वर्षी खराब हवेचे महिने होडी सुटी करून ठेवायची आणि हवा निवळली की आई ती जोडायची. मी जन्मले त्या वर्षी हवा निवळली तेव्हा मी तीन महिन्यांची होते. आई म्हणाली होती, थोडं थांब, मी जोडते. "म्हणाला, त्यात काय, चार बोल्ट. गेला आणि जोडून आला, पुढं दर वर्षी तोच जोडायचा. रविवारी मी तुला घेऊन किनाऱ्याच्या कठड्यापाशी गेले होते. लांबूनच दिसलं मला."

"मग?" मी म्हटलं. "मग काय. उलटी जोडलेली होडी वाऱ्याबरोबर जाते, छान जाते. वाऱ्याच्या तोंडाकडे यायचं म्हटलं की आडवी घसरत राहते. परत येता येत नाही तिला. गेला लांबवर, आणि मग दोन तास दोरी खांद्यावर घेऊन पाण्याच्या कडेकडेनं ओढत आणली. मी सांगणार होते. तोंडावर आलं होतं माझ्या. तर आल्या आल्या म्हणाला, तुझं बरंय, बाळ घेऊन आरामात बसलीयस." आईनं ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "म्हटलं, बरं."

"आणि पुढच्या रविवारी?" "पुढच्या रविवारी तू रडत होतीस." "त्याच्या पुढच्या?" "मग सवय लागली," आई म्हणाली.

मला त्यांचे रविवार आठवत होते. दुपारी दारात उभे असलेले बाबा, गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट, खांद्यावर दोराचा लाल वळ. "नाही जमलं आजही," असं म्हणायचे आणि आईकडे बघत थांबायचे. मला वाटायचं टॉवेलसाठी थांबलेत. मीच धावत जाऊन टॉवेल आणायची. दहा वर्षं एक माणूस दर आठवड्याला स्वतःला नालायक समजत घरी येत होता, आणि ते थांबवू शकेल असं एक वाक्य घरातच, ओट्याशी, पाठ करून उभं होतं. मला आईचा राग यायला हवा होता. आला नाही. गेले कित्येक आठवडे माझा नवरा ठकीची बाटली फार तापवतो, मग ती निवेपर्यंत ती रडते आणि तो तिला घेऊन गोल गोल फिरतो. मी आतल्या खोलीत पडून ऐकत असते. किती वेळ तापवायची ते मला नेमकं माहीत आहे. "तू तर काय, घरीच असतेस," असं तो एकदा सहज म्हणाला होता. सहजच. मी तेव्हा "हो ना" म्हटलं होतं. कार्डावरच्या त्या दोन आकारांकडे बघता बघता मी कार्ड पालथं केलं. खोली तेवढीच होती, पण भिंती कुणीतरी एक बोट आत सरकवल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी मी आईला ये म्हटलं नव्हतं. ती सकाळीच कॅनव्हासचे जुने बूट घालून दारात उभी राहिली. "चल. तिथं गेल्यावर तुला काय सांगता येणारे?" आवारात आवारवाल्यानं तिला बघितलं आणि हातातला फडका खाली ठेवला. "वहिनी?" "डाव्या होडक्याची मागची कड खरवडा," आई म्हणाली, नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्यानं खरवडली. आई डोळे मिटून आकडे म्हणू लागली आणि निळ्या रंगाखालून ते एकेक करून बाहेर आले, शेवटपर्यंत त्याच क्रमानं. आवारवाला बघतच राहिला. त्यानं पुस्तक उघडलं, पान सापडलं, बनावटीचं नाव त्यानं जीभ चावत अर्जात उतरवलं. मग चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "पण चारला साहेब फोटो घ्यायला येतील. होडी ह्या चित्रासारखी दिसायला हवी. पोटं आत." तेव्हा एक वाजला होता. "मग उघडा," आई म्हणाली.

शेजारी धक्क्याला लागलेल्या लाँचवरची दोन माणसं मदतीला आली. चारांतला एकही बोल्ट गंजला नव्हता, अगदी ग्रीस लावून जपलेले होते, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. दांडी उचलली आणि ती जिथं टेकते ती जागा उघडी पडली. इतकी वर्षं ऊन न लागलेला निळा रंग तिथं नवाकोरा होता. आणि त्यावर काळ्या रंगानं, ब्रशच्या टोकानं, बाबांच्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात लिहिलं होतं : डावं. हे आता उजवीकडे असलेल्या होडक्यावर. दुसऱ्यावर : उजवं. आवारवाला वाकून बघत होता. "चुकीचं लिहिलं की त्यांनी." "नाही," आई म्हणाली, "बरोबर लिहिलंय." मग तिनं विचारलं, "हा निळा कधीचा?" "मी आणि त्यांनी मिळून मारला की. ती मागची भिंत बांधली त्या वर्षी," आवारवाला म्हणाला. भिंतीवर सिमेंटात साल कोरलेलं होतं. मी तेव्हा दुसरीत होते.

म्हणजे बाबांना कळलं होतं. कळल्यावर त्यांनी होडी सोडवली होती, कोणतं होडकं कुठलं ते लिहून ठेवलं होतं, बोल्टना ग्रीस लावलं होतं, आणि मग ती पुन्हा होती तशीच उलटी जोडली होती. त्यानंतर आणखी तीन वर्षं ते दर रविवारी तिला पाण्यात ढकलत होते, वाऱ्याबरोबर लांब जात होते, दोर खांद्यावर घेऊन कडेकडेनं परत येत होते, आणि दारात थांबत होते. "आई," मी म्हटलं, "टॉवेलसाठी नव्हते थांबत ते." आई ओंडक्यावर बसली. तिनं त्या काळ्या अक्षरावर अंगठा ठेवला, डाग निघतोय का बघावं तसा जरा घासला. "गाढव," ती म्हणाली. कुणाला, ते सांगितलं नाही. लाँचवरची माणसं उगाच समुद्राकडे बघू लागली.

ठकीला भूक लागली ती नेमकी तेव्हा. मी एका पालथ्या टोपलीवर, सुट्या झालेल्या दोन होडक्यांच्या मध्ये बसून तिला पदराखाली घेतलं. मला उठता येत नव्हतं. दोन्ही हात गुंतलेले, दोन्ही बाजूंना फायबरच्या निळ्या भिंती, पाठीत कळ. घड्याळात अडीच. माणसांनी होडकी उचलून, एक माझ्या डोक्यावरून, दुसरं मला वळसा घालून, अदलाबदल केली. मी मात्र होते तिथंच राहिले. आवारवाल्यानं पाना घेतला आणि विचारलं, "सरळ घट्ट करत जाऊ ना, वहिनी?" आईनं त्याच्या हातून पाना काढून घेतला. तिचे हात पान्याच्या दांड्यावर बरोबर जागी बसले. तिनं पुढच्या दांडीखाली गुडघा टेकला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याशी इतक्या मोठ्यानं बोलली की ठकी प्यायची थांबली.

"हे बघ. आधी पुढचा. तो ढिलाच ठेवायचा, कारण मागचा बसल्याशिवाय कोन कळत नाही. लगेच आवळलास तर मागचं भोक जुळणार नाही, मग सगळे ठोकत बसतात. मग मागचा. मग डोळा जमिनीला लावून बघायचं, दोन्ही होडक्यांची नाकं एका रेषेत आहेत का. नसली तर हलवायचं, आता हलतात, आवळल्यावर नाही हलत. मग चारही, थोडे थोडे, फिरत्या क्रमानं. ऐकतीयस ना? कळलं नाही तर विचार. गप्प बसू नकोस."

"ढिला म्हणजे किती ढिला?" मी विचारलं.